भाचा अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये ‘सेफ्टी’ खेळतो. व्यावसायिक संघात त्याचा निभाव लागेल का, हे कसे ओळखावे?

नौपाड्याचा मामा (ठाणे)

नमस्कार. प्रश्न आपल्याकडे नेहमी पडणारा नाही, परंतु इथे अमेरिकी फुटबॉल नियमाने पाहणारे काही जण आहेत हे माहीत असल्यामुळे विचारण्याचे धाडस करतो.

माझी थोरली बहीण लग्नानंतर अमेरिकेत गेली आणि तिचा धाकटा मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला. तो आता विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला असून तिथल्या फुटबॉल संघात सेफ्टी (संरक्षणाची अगदी मागची फळी) या जागेवर खेळतो. विद्यापीठाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. उंची ६ फूट, वजन ९० किलो, या हंगामात ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच झेलणे) आणि ८१ टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणे), आणि प्रशिक्षकांच्या स्टॉपवॉचवर ४० यार्डांची धाव ४.५२ सेकंदांत, अशी त्याची आकडेवारी आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी ताईच्या मनात असे भरवून दिले आहे की मुलाने यंदाच ड्राफ्टसाठी (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्यासाठी) नाव द्यावे, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत तो सहज निवडला जाईल. भावोजींचे मत नेमके उलटे आहे. आधी पदवी हातात येऊ द्या, असे ते म्हणतात. भाचा दोघांसमोरही गप्प बसतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत निर्णय करायचा असल्यामुळे ताई रोज रात्री मला फोन करते, कारण घरात वर्तमानपत्राचे क्रीडापान शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच आहे. माझी पात्रता तेवढीच.

घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच्या खेळाची चार मिनिटांची चित्रफीत आली आहे. ती मला फार प्रभावी वाटली. आमच्या आईने मात्र ती चष्मा लावून पाहिली आणि “हा पोरगा एवढा आपटतो कशाला?” एवढेच विचारले. तेव्हा जाणकारांनी सांगावे, की अशा मुलाचे भवितव्य जोखताना नेमके काय पाहायचे असते आणि आकड्यांवर कितपत विसंबायचे?

ऐरोलीची रात्रपाळी

मामासाहेब, मी ऐरोलीला अमेरिकी वेळेप्रमाणे चालणाऱ्या कंपनीत काम करतो. रविवारी दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला सुरू होतात, आणि सुटीच्या दिवशीही झोपेचे गणित न बदलल्यामुळे मी अनेक वर्षे ते पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी, की ती चार मिनिटांची चित्रफीत बाजूला ठेवावी. तिच्यात मुलाच्या हातून घडलेले तेवढे चांगले दिसते. सेफ्टीची खरी परीक्षा ज्यात होते ते तिच्यात सापडतच नाही.

कारण सांगतो. सेफ्टी संरक्षणाच्या अगदी मागच्या फळीत, बऱ्याचदा चेंडूपासून बारा-पंधरा यार्ड मागे उभा असतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या रेषेला धरून चालतो. त्यामुळे खेळ सुरू होतो तेव्हा हा गडी चौकटीबाहेर असतो आणि चेंडू त्याच्याकडे आला तरच पडद्यावर येतो. तो तिथे वेळेवर कसा पोहोचला, किंवा का पोहोचला नाही, हे प्रेक्षकाला कळत नाही. म्हणून संघांचे निरीक्षक उंचावरून घेतलेले, बावीसच्या बावीस खेळाडू सतत दिसत राहतील असे चित्रण पाहतात. ते विद्यापीठाच्या संघाकडे असतेच आणि भाच्याला मागता येईल. तीन पूर्ण सामने मागवा: एक सहज जिंकलेला, एक सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा आणि एक हरलेला. हरलेला सामना टाळून दुसराच काही पाठवला, तर तेही पुष्कळ सांगून जाईल.

आता इंटरसेप्शनविषयी. नोटर डेम विद्यापीठाच्या झेवियर वॉट्सने २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांत मिळून १३ इंटरसेप्शन केली आणि तरीही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तो तिसऱ्या फेरीत, ९६ व्या क्रमांकावर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये जॉर्जियाच्या मलाकी स्टार्क्सला बाल्टिमोरने पहिल्या फेरीत २७ व्या क्रमांकावर घेतले, आणि त्याच्या नावावर अखेरच्या कॉलेज हंगामात एकच इंटरसेप्शन होते. इंटरसेप्शन कसे मिळाले, हे आधी विचारावे लागते. क्वार्टरबॅकने (फेकणाऱ्याने) टाकलेला चेंडू रिसीव्हरच्या (झेलणाऱ्याच्या) हाताला लागून वर उडाला आणि खाली हा उभा होता, तर त्यात नशिबाचा वाटा मोठा. क्वार्टरबॅकची नजर वाचून तो फेक सुटण्याआधीच निघाला असेल, तर मात्र ते कौशल्य. तुमच्या भाच्याच्या पाचपैकी किती दुसऱ्या प्रकारची आहेत, हे प्रत्येक चेंडू थांबवून थांबवून मोजा.

टॅकलचा आकडा तर याहून फसवा आहे. मागच्या फळीतल्या माणसाला ८१ टॅकल करावे लागले, याचा अर्थ पुढच्या फळ्यांतून प्रतिस्पर्धी वारंवार सुटून येत होते. त्यात त्याचा दोष नाही, पण ती संख्या म्हणजे त्याची थोरवीही नाही. प्रश्न असा, की अशा किती प्रसंगी तो एकटा समोर होता आणि त्यांपैकी कितींदा माणूस त्याच्या हातून निसटला. कॉर्नरबॅक, म्हणजे कडेच्या रिसीव्हरला अडवणारा, चुकला तर मागे सेफ्टी असतो. सेफ्टी चुकला तर मागे फक्त गोलरेषा असते.

राहिला वेग. प्रशिक्षकांच्या हातातील घड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिक मोजणीपेक्षा साधारणपणे दशांश सेकंदाने किंवा त्याहूनही अधिक चांगली दिसते, त्यामुळे ते ४.५२ सेकंद मनातल्या मनात ४.६ च्या आसपास धरा. याने लगेच खचूनही जाऊ नका. काइल हॅमिल्टन २०२२ मध्ये इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात ४.५९ सेकंदांत धावला, तरी १४ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२३ मध्ये ऑल-प्रो (वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात आला. अर्थात तो ६ फूट ४ इंच उंच आहे आणि त्याचे खेळाचे वाचन विलक्षण आहे, हेही विसरून चालणार नाही. उलट कनेक्टिकटचा ओबी मेलिफोन्वू २०१७ च्या शिबिरात ४.४० सेकंदांत धावला, जागेवरून ४४ इंच उंच उडाला, दुसऱ्या फेरीत ५६ वा निवडला गेला. पण पहिल्या वर्षी पाचच सामने खेळू शकला आणि पुढच्या वर्षी संघाने त्याला सोडून दिले. त्यात दुखापतींचा वाटा मोठा होता, म्हणून हे उदाहरण मी बेतानेच देतो. वेग हा चुकीची भरपाई करण्यासाठी लागतो, आणि ज्याचे पहिले पाऊल योग्य दिशेला पडते त्याला ती भरपाई कमी वेळा करावी लागते.

शेवटी एक कटू गोष्ट. या जागेवर संघ पहिल्या फेरीतील निवड सहसा खर्च करत नाहीत. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत एकही सेफ्टी गेला नाही; २०२४ मध्ये पहिला सेफ्टी ४७ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्यामुळे ‘सहज दुसरी फेरी’ असे कोणी म्हणत असेल, तर तो मुलाला त्या वर्षीच्या देशभरातील पहिल्या चार-पाच सेफ्टींमध्ये धरतो आहे. तसे धरण्यासारखे त्याच्याकडे काय आहे, हे त्या गृहस्थांना जरूर विचारा.

कळव्याचा कव्हर

मला अमेरिकी फुटबॉलमधले फारसे कळत नाही. मी कबड्डीत पंधरा वर्षे उजवा कव्हर खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. पण वरील उत्तर वाचून मुलाने मला त्या खेळाचे दोन सामने लावून दिले, आणि सेफ्टी हा आपला कव्हरच आहे असे माझे स्पष्ट मत झाले.

आपल्याकडे नवखा कव्हर ओळखायचा तो त्याच्या घाईवरून. चढाईपटू अजून कोपऱ्याकडे झुकलेलाही नसतो, तोच हा अंगावर जातो, आणि फुकटचा गुण देऊन बसतो. कसलेला कव्हर कोपरारक्षकाने घोटा धरेपर्यंत अंग राखून असतो, आणि मग त्याची धडक अशा कोनातून येते की चढाईपटू आत वळूच शकत नाही, थेट मैदानाबाहेर जातो. रेषा हा आठवा गडी आहे, असे मी मुलांना सांगतो. माझ्या मुलाने दाखवलेल्या सामन्यांतील चांगले सेफ्टीही हेच करत होते. ते धावणाऱ्याच्या अंगावर सरळ न जाता त्याच्या आतल्या खांद्याकडे जात होते, म्हणजे त्याला बाजूच्या रेषेखेरीज दुसरी वाट उरत नसे. आपले मैदान दहा मीटर रुंद, त्यांचे जवळजवळ एकोणपन्नास, एवढाच फरक; उलट त्या रुंदीमुळे कोन चुकला तर शिक्षा जास्त मोठी.

तेव्हा मामा, भाच्याचे सामने पाहताना चेंडूकडे पाहूच नका. त्याच्या पायांकडे पाहा. समोरच्यापासून तीन पावलांवर आल्यावर तो पावले लहान करून कंबर खाली घेतो, की पूर्ण वेगात तसाच घुसतो? घुसणारा पोरगा चित्रफितीत फार शूर दिसतो. आईंनी विचारलेला प्रश्न मला म्हणूनच सर्वांत नेमका वाटला.

नौपाड्याचा मामा (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. भाच्याने कुरकुर न करता तिन्ही सामन्यांचे चित्रण पाठवले, आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तो स्वतः सोबत बसला. आम्ही हरलेला सामना आधी पाहिला. चार तास गेले, चहा दोनदा निवला.

पाच इंटरसेप्शनपैकी दोन रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेली होती, एक सामना एकतर्फी झाल्यानंतर शेवटच्या दोन मिनिटांतले होते. उरलेली दोन मात्र त्याने खरोखर वाचून घेतलेली आहेत. एकात तर क्वार्टरबॅक मुद्दाम डावीकडे पाहत असताना हा उजवीकडे सरकलेला दिसतो. असे का केलेस, म्हणून विचारले, तेव्हा तो म्हणाला की त्या संघाचा टाइट एंड (ओळीच्या टोकाला उभा राहणारा आक्रमक) आत वळून उभा राहिला की चेंडू नेहमी उलट बाजूला जातो, हे त्याने आठवडाभर आधी टिपून ठेवले होते.

एकटा समोर असतानाचे प्रसंग तीन सामन्यांत मिळून अकरा निघाले. त्यांपैकी चारदा माणूस निसटला, आणि चारही वेळा कळवेकर म्हणतात तेच घडले: पावले लहान झालीच नाहीत. हरलेल्या सामन्यात तर धावणारा नुसता खांदा आत घेऊन याच्या बाजूने गेला आणि थेट गोलरेषेपर्यंत पोहोचला. तो प्रसंग पाहताना भाच्याने कॅमेऱ्यासमोरून तोंड वळवले. मी काही बोललो नाही.

एक गोष्ट मला अनपेक्षितपणे आवडली. बलाढ्य संघाविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू खेळ सुरू होण्याआधी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावत गेला, तेव्हा याने दोन बोटे वर करून लाइनबॅकरला (मधल्या फळीतल्या संरक्षकाला) आत ओढले, कॉर्नरबॅकला मागे ढकलले आणि स्वतः त्याच्या जागी खाली आला. चेंडू मग त्या बाजूला फेकलाच गेला नाही. हे मोजायचे कशात?

नेरूळकर

मी शिक्षणासाठी काही वर्षे तिकडे होतो आणि आमच्या वसतिगृहात फुटबॉल संघातील दोन मुले राहत असत, त्यामुळे व्यवहाराची बाजू थोडी मांडतो.

तिसऱ्या वर्षातील मुलाला अंधारात निर्णय घ्यावा लागत नाही. संघाच्या कार्यालयामार्फत व्यावसायिक लीगच्या (एनएफएलच्या) सल्लागार समितीकडे मूल्यमापन मागता येते आणि तिचे उत्तर तीनपैकी एक असते: पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची शक्यता, किंवा दोन्ही नाही, म्हणजे कॉलेजातच थांबा. ते उत्तर बंधनकारक नाही, परंतु त्या गृहस्थांच्या शब्दापेक्षा त्याला निश्चितच अधिक वजन आहे. उलट एकदा नाव देऊन मुदत टळली, की कॉलेज संघाचे दार सहसा कायमचे बंद होते.

दुसरे म्हणजे, कॉलेजात थांबणे म्हणजे फुकट खेळणे, ही स्थिती आता उरलेली नाही. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट वाटा देऊ लागली आहेत. याच्या तुलनेत व्यावसायिक लीगमध्ये २०२५ च्या हंगामात नवख्याचे किमान मानधन ८ लाख ४० हजार डॉलर होते खरे, पण ते हंगामाच्या आठवड्यांत विभागलेले असते आणि मुख्य ५३ जणांच्या यादीत जितके आठवडे नाव राहील तितकेच हाती येते. यादीबाहेर राहून सराव संघात जागा मिळाली, तर आठवड्याला किमान १३ हजार डॉलर मिळत. आपल्या हिशेबाने ही रक्कम डोळे दिपवणारी आहे, परंतु कोणत्याही मंगळवारी फोन येऊन ती थांबू शकते.

ऐरोलीची रात्रपाळी

मामासाहेब, तुम्ही अकरा प्रसंग बोटावर मोजलेत, हे पाहून समाधान वाटले. जे मोजायचे कशात म्हणून विचारलेत, ते कोणत्याही तक्त्यात बसत नाही. पण उंचावरचे चित्रण पाहणारा निरीक्षक नेमके तेच वहीत लिहितो. हल्ली बहुतेक संघ मागे दोन सेफ्टी उभे करून खेळ सुरू होण्याच्या क्षणापर्यंत आपला डाव लपवून ठेवतात आणि मग एकाला फिरवून खाली आणतात. ज्याला स्वतःची जागा सोडून इतरांच्याही जागा ठाऊक असतात, तोच हे करू शकतो. तुमच्या भाच्याकडे ते आहे, आणि ते शिकवून येण्यास फार वेळ लागतो.

एकट्याने माणूस अडवणे मात्र त्याला आज जमत नाही. अकरापैकी चार हे प्रमाण व्यावसायिक संघाला परवडणारे नाही, आणि तिथले धावणारे याहून चपळ असतात. वेगही बेताचाच. सारे एकत्र धरता माझ्या अंदाजाने तो आज चौथ्या ते सहाव्या फेरीतील उमेदवार आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सिॲटलने २०१० मध्ये एका सेफ्टीला १४ व्या क्रमांकावर घेतले आणि दुसऱ्याला पाचव्या फेरीत १३३ व्या. पहिला अर्ल थॉमस, दुसरा कॅम चान्सलर, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत डेन्व्हरला ४३–८ असे हरवून सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला तेव्हा त्या संरक्षणाचा कणा दोघेही होते. पण चान्सलरच्या नावाचा आधार घेऊन यंदाच उडी मारावी, असे मी सांगणार नाही. पाचव्या फेरीत गेलेल्या प्रत्येकाचा चान्सलर होत नाही, आणि तुमच्या भाच्याची अडचण नेमकी त्या गोष्टीत आहे जी चान्सलरची ताकद होती.

म्हणून माझे मत असे: त्याने आणखी एक वर्ष थांबावे, पण नुसते थांबू नये. वसंतातील सरावात प्रशिक्षकांकडे दोन गोष्टी मागाव्यात. काही डावांत निकेल म्हणून आतल्या रिसीव्हरसमोर उभे करावे, म्हणजे जवळून माणूस सांभाळता येतो का ते दिसेल. आणि किकऑफ व पंटच्या (चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे दूर पाठवण्याच्या) तुकडीत घ्यावे. संघात साधारण चार-पाच सेफ्टी असतात आणि त्यांतला शेवटचा माणूस निवडताना तो किक अडवायला किती उपयोगी, हेच पाहिले जाते. २०२४ मध्ये व्यावसायिक लीगने किकऑफचा नियम बदलल्यापासून चेंडू परत धावत आणण्याचे प्रसंग वाढले आहेत, त्यामुळे अशा गड्याची किंमतही वाढली आहे. शिवाय किकऑफवर अनेकदा मोकळ्या मैदानात एकट्याने माणूस अडवावा लागतो. त्याला ज्या गोष्टीचा सराव हवा, तोच तिथे फुकट मिळेल.

कळव्याचा कव्हर

पावले लहान करण्याचा सराव मी मुलांकडून चटईवर खडूच्या तीन रेघा मारून घेतो: पहिल्या रेघेपर्यंत पूर्ण धाव, दुसरीपासून आखूड पावले, तिसरीवर कंबर खाली आणि हात पुढे. रोज चाळीस वेळा. तिकडच्या गवतावरही रेघा आहेतच, त्यांनी खडूसुद्धा आणायला नको.

नौपाड्याचा मामा (ठाणे)

समितीकडे मूल्यमापनाचा अर्ज काल गेला. ताईने गृहस्थांना ‘पहिल्या चार-पाचांत का’ हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी नंतर बोलू म्हणून फोन ठेवला. रेघांचा सराव भाच्याने लिहून घेतला असून, किकऑफच्या तुकडीविषयी प्रशिक्षकांना तो स्वतःच विचारणार आहे.

भाचा दोन बोटे वर करतो तो प्रसंग मी आईला मुद्दाम लावून दाखवला. तिने शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, “यात तर काहीच झाले नाही. हा आपटलासुद्धा नाही.” मग तिने तो पुन्हा एकदा लावायला सांगितला.

समितीचे उत्तर आले की इथे कळवतो.